स्प्रिंगची झोप

२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
ज्या माणसाने आयुष्यात एकही आलेख काढला नाही, त्याने नुसत्या कानाने लावलेली एअर रायफल एकाच भोकात पाच छर्रे कशी मारते? मला माहीत नाही. प्रामाणिकपणे लिहिते, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पाच महिने झाले, आमच्या घराण्यातली पहिली पदवी, आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.
तो माणूस म्हणजे बाबा. पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं टेबल आहे. शिलाई मशीन, कुलपं, वजनकाटे, आणि रायफल क्लबच्या एअर रायफली. टेबलावरच्या भिंतीत एक खिळा आहे. पूर्वी त्यावर बाबांची ॲलन की, स्क्रू फिरवायची षटकोनी किल्ली, लटकायची. आता माझी पदवी फ्रेम करून लटकते. त्यामुळे बाबा दिवसातून चार वेळा किल्ली शोधतात. पदवी मात्र लगेच सापडते.
धाकटी क्लबात नेमबाजी शिकते. विभागाच्या संघाची निवड २२ तारखेला. जागा चार. क्लबने तिला एक जुनी रायफल वापरायला दिली आहे आणि तिचे छर्रे चहूकडे पसरतात. बाबा ती लावणारच होते. मी म्हणाले, बाबा, अंदाजाचे दिवस संपले, ही मी लावते. त्यांनी किल्ली शोधून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, लाव, तू शिकलेली. त्यांचे डोळे पाणावले होते. धाकटीचं म्हणणं, डोळ्यात तेल उडालं होतं.
संकल्प :
१. रोज सकाळी सहाला एक तास फिरणे.
२. रोज संध्याकाळी एक प्रयोग, एक नोंद.
३. आवाज, स्पर्श, नशीब यांना पुरावा न मानणे.
४. कोणावरही न चिडणे.

३ नोव्हेंबर, मंगळवार.
फिरून आले. पाय दुखतात. पण मन ताजं.
यंत्र समजून घेतलं. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा. मागे स्प्रिंग. चाप ओढला की स्प्रिंग हॅमरला पुढे ढकलते, हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, हवा छर्‍याला घेऊन जाते. मागचा स्क्रू आवळला की ताकद वाढते, सैल केला की घटते. एवढंच. एका स्क्रूसाठी बाबांनी तीस वर्षं घालवली याचं वाईट वाटलं.
क्लबच्या सरांकडून वेगमापक आणलं. छर्रा त्याच्यावरून गेला की सेकंदाला किती मीटर ते आकड्यात दाखवतं. सर म्हणाले, सांभाळून हं, बाबांना विचारून कर. मी म्हणाले, बाबा मला विचारतात.

४ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ.
पुढच्या खोलीपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळी दारं उघडली की बरोबर दहा मीटर होतात. मागे पाण्याचं पिंप, त्याच्याशेजारी लोखंडी पेटीत टार्गेट. प्रयोग चालू असताना आईला स्वयंपाकघरातून बाहेर पडता येत नाही. ती आतून ओरडली, माझी सुटका कधी? मी सांगितलं, दहाव्या छर्‍यानंतर. ती म्हणाली, खून करणारेसुद्धा एवढा वेळ लावत नाहीत.
स्क्रू पाऊण फेरा आवळला. १६८, १८१, १५९, १७७. आकडे उड्या मारतात. बाबा टेबलावरून मान वर न करता म्हणाले, आवाज फुटतोय. मी म्हणाले, आवाज हा पुरावा नाही. ते म्हणाले, बरं.

५ नोव्हेंबर, गुरुवार.
तर्क : आकडे उड्या मारतात कारण ताकद अपुरी आहे. दुबळी माणसंच अडखळतात. आणखी दीड फेरा आवळला.
वेग १९०! दुसरा छर्रा पेटी चुकवून पिंपाच्या वर भिंतीवर. प्लास्टरचा बशीएवढा पोपडा पडला. आई म्हणाली, पदवी भिंतीला टांगली तेव्हा मी म्हणाले चांगलं झालं, आता भिंतच पदवीच्या मागे लागली. शेजारच्या काकू काय झालं बघायला आल्या आणि चहा पिऊन गेल्या.
पेटी अरुंद आहे. यात माझा दोष नाही. पेटीने दगा दिला.

६ नोव्हेंबर, शुक्रवार.
धाकटी सरावाहून आली ती तोंड फुगवून. म्हणाली, ताई, ती लाथ मारते. मी शांतपणे समजावलं की शास्त्रीय दृष्ट्या ही फक्त प्रतिक्रिया आहे. ती म्हणाली, माझ्या खांद्याला सांग. दहा छर्‍यांत शंभरपैकी ८३.
तिला श्वासाचं वेळापत्रक करून दिलं. तिने त्यावर नखं कापली.
संकल्प चार मोडता मोडता वाचला.

८ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१५.
फिरून आले आणि सहज पाच छर्रे मारून पाहिले. १७२, १७३, १७२, १७२, १७३. धाकटीने पाच मारले, एका भोकात. काल संध्याकाळी याच रायफलने मला रडवलं होतं. मी तिला हातही लावला नाही. मग झालं काय?
काहीच नाही. तेच झालं. काही न करणं हेच झालं. स्प्रिंगला रात्रभर विश्रांती मिळाली!
बाबांना सांगितलं. ते चहा ओतत होते. म्हणाले, असेल. आई म्हणाली, सगळ्यांनाच लागते गं विश्रांती, मला दे एखादा दिवस.

९ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ.
चांगल्यावर समाधान मानणारे लोकच देश मागे ठेवतात. म्हणून अर्धा फेरा आणखी आवळला. आकडे पुन्हा बिघडले. १६१, १८४. घाबरले नाही. रायफल कपाटावर ठेवली आणि तिला शांतपणे म्हणाले, झोप.

१० नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.१०.
१७२, १७२, १७३!
नियम मांडला. "आवळलेली स्प्रिंग आठ तास अस्पर्श राहिल्यास आपली योग्य ताकद स्वतः शोधते." नाव : विश्रांतीचा नियम. बाबांचं कोडंही उलगडलं. ते रायफल दुरुस्त करून दोन दिवस ठेवून देतात. श्रेय कानाला, काम झोपेचं. त्यांना हे सांगताना मन जड झालं. तीस वर्षं चुकीच्या गोष्टीवर विश्वास. पण सत्य सांगावंच लागतं. बाबा म्हणाले, तू म्हणतेस तर तसं. मग किल्ली कुठे ठेवलीस म्हणून विचारलं.

११ नोव्हेंबर, बुधवार.
सरांना नियम समजावला, आकृतीसह. ते रुमालाने तोंड पुसत होते. बराच वेळ पुसत होते. म्हणाले, बाबा काय म्हणतात? मी म्हणाले, मान्य आहे त्यांना. सर म्हणाले, मग मी कोण.
वर म्हणाले, क्लबच्या आणखी दोन रायफली पाठवतो, बाबा सांगत होते की हल्ली ताकद मुलगीच लावते. ऐकून बरं वाटलं. दाखवत नाहीत, पण अभिमान आहे त्यांना.
कॉलेजच्या बाईंना पत्र लिहिलं. नियमाला कोणाचं नाव द्यावं, तेही विचारलं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार.
बाईंचं उत्तर. एकच ओळ : आधी स्क्रूवर खूण करून बघ, कोणी हलवत तर नाही ना?
दुखावले. बाईंनी तीन वर्षं शिकवलं आणि संशय घेतला तो घरच्यांवर. बाईंना आमचं घर माहीत नाही. आमच्याकडे कोणी दुसऱ्याचा कंगवासुद्धा घेत नाही.
तरीही विज्ञानासाठी करते. दुकानदार काट्याच्या स्क्रूवर रंग टाकून सील करतात, तसं. रोजच्यासारखी स्प्रिंग आवळून धाकटीच्या लाल नेलपेंटचा एक थेंब स्क्रूवर सोडला. कोणी स्क्रू हलवला तर रंगाला तडा जाईल. बाटली झाकण लावून फळीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवली. लपवण्यासारखं काही नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.०५.
सील अखंड! आकडे १७२, १७३, १७२. बाई, बघा.
एक निरीक्षण : रंग कालच्यापेक्षा जास्त चकचकीत दिसतो. थेंबही जरा मोठा. विश्रांतीचा परिणाम रंगावरही होत असावा. वेगळा अभ्यास हवा.
बाबांच्या अंगठ्याला लाल डाग. विचारलं तर म्हणाले, मशीनचा प्रायमर. आईच्या बोटालाही होता. तीही म्हणाली, प्रायमर.

१६ नोव्हेंबर, सोमवार.
धाकटीचा सराव ९५, ९७, ९६. पण ती फक्त सकाळीच सराव मागते. म्हणाली, ताई, संध्याकाळी नको, संध्याकाळी ती तुझी असते. हिला नियम कळला! घरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडून शिकलं.
क्लबच्या दोन रायफलीही लावल्या. त्याही झोपून उठल्या आणि सुधारल्या.

१८ नोव्हेंबर, बुधवार.
निबंध लिहायला घेतला. अकरा पानं. प्रस्तावनेत बाबांचा उल्लेख केला आहे, "अनुभवी पण अशिक्षित कारागीर" असा. आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. त्या शब्दावर तिचा हात थांबला. म्हणाली, हे त्यांना नको वाचून दाखवूस. मी विचारलं का. म्हणाली, शिकलेली आहेस, तूच शोध.
आईला वस्तुनिष्ठ लिखाण कळत नाही.

२० नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६.२५.
हे सगळं लिहून ठेवायलाच हवं.
सहाला फिरायला निघाले. कोपऱ्यावर चपलेचा पट्टा तुटला. दहा मिनिटांत परत. अनवाणी होते, म्हणून पावलं वाजली नाहीत.
पुढच्या खोलीत तिघं. टेबलावर माझी रायफल उलटी. बाबांच्या हातात किल्ली, कान रायफलीला लावलेला, डोळे मिटलेले. धाकटी टॉर्च धरून. आणि आई, माझी सख्खी आई, स्क्रूवर नेलपेंटचा ब्रश टेकवून फुंकर घालत होती. वाळावं म्हणून.
रोज. आठ तारखेपासून रोज. मी संध्याकाळी आवळायची, बाबा सकाळी सोडायचे.
मी हातातली चप्पल खाली टाकली. मग सगळंच बोलले. कटकारस्थान, दगाबाज, अस्तनीतले निखारे. आई म्हणाली, अगं तुझं मन मोडू नये म्हणून. बाबा म्हणाले, तू संध्याकाळी करतेस, मी सकाळी करतो, कोणाचं काय अडत होतं? मी विचारलं, सरांना माहीत आहे? धाकटीने टॉर्च विझवला. म्हणजे रुमाल. तो घाम नव्हता.
धाकटी म्हणाली, ताई, मला निवडीला जायचंय गं. मी म्हणाले, तूही? तर म्हणे, मी फक्त टॉर्च धरला.
फक्त टॉर्च!
नियम खोटा. निबंध खोटा. बाई खऱ्या, हेच सगळ्यात लागलं.

२० नोव्हेंबर. दुपारी ३.
शांत डोक्याने विचार केला. नियम खोटा ठरलेलाच नाही. स्प्रिंगला आठ तास अस्पर्श ठेवल्यावर काय होतं हे या लोकांनी कधी घडूच दिलं नाही. आठ तारखेपासूनचे सगळे आकडे त्यांनी दूषित केले. खरा प्रयोग अजून व्हायचाच आहे.
हातात दोन दिवस. वेळ ठरली आहे. ठिकाण ठरलं आहे.

२१ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.
स्क्रू माझ्या आलेखाप्रमाणे लावला. बाबा सकाळी ठेवायचे त्यापेक्षा दीड फेरा जास्त. आकडे वाईट, म्हणजे अपेक्षेप्रमाणे. रायफल लोखंडी कपाटात. कुलूप. किल्ल्या दोन्ही, कपाटाची आणि ॲलन की, माझ्या गळ्यात दोऱ्याने.
बाबा कपाटासमोर उभे राहिले. म्हणाले, उद्या पोरीची निवड आहे, राग परवा काढ. मी म्हणाले, हा राग नाही, तत्त्व आहे. ते म्हणाले, मग तत्त्व परवा काढ. मी म्हणाले, उद्या तुम्ही मैदानावर येऊ नका, तुमचा माझ्यावर विश्वास असेल तर येऊ नका.
त्यांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाले, बरं, नाही येत.
धाकटी जेवली नाही. मी जेवले. वैज्ञानिकाने प्रकृती सांभाळावी.

२२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.३०.
रायफल बारा तास अस्पर्श. निघतो. आज सगळ्यांना कळेल.

२२ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.
कळलं.
थोडक्यात लिहिते. तयारीची पंधरा मिनिटं होती. धाकटीचे पहिले चार छर्रे वर, खाली, वर, खाली. ती मागे वळली. दोरीपलीकडून हात पुढे केला, ताई, किल्ली दे. मी म्हणाले, थांब, नुकतीच उठली आहे, जरा गरम होऊ दे. ती म्हणाली, ताई, ती झोपलेली नाही, ती रायफल आहे. मी गळ्यातला दोरा मुठीत धरला. का धरला?
शिट्टी झाली. पहिले दहा : ८४.
एरवी तिचे ९६ येतात.
मग ती पंचांना विचारून रायफल मागच्या टेबलावर घेऊन आली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. मी दोरा काढला. माझ्या बोटांनी किल्ली खाचेत बसेना. तिने रायफलीच्या मागे कान लावला, डोळे मिटले, बाबांसारखे. म्हणाली, फिरव उलटा. आणखी. आणखी. बास. पाव आणखी. हं. तिने नुसता हॅमर ओढून सोडला आणि म्हणाली, आता बोलते बघ बरोबर.
मला काहीच ऐकू आलं नाही. एक खट् आवाज, पहिल्यासारखाच.
मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाली, बाबांनी, टॉर्च धरताना. मी म्हणाले, मला कधी नाही शिकवलं. ती म्हणाली, तू कधी विचारलंस?
पुढचे दहा ९६. मग ९७. मग ९७. एकूण ३७४.
चौथ्या मुलीचे ३७५.
धाकटी पाचवी. राखीव. संघात कोणी आजारी पडलं तर.
परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे बसली. मी म्हणाले, एका गुणाने गं. ती म्हणाली, मला मोजता येतं, ताई.
घरी सगळे दारात. धाकटी आत जाताजाता म्हणाली, पहिल्या दहाला हात थरथरला माझा. बाबा म्हणाले, होतं असं. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. संशयानेसुद्धा नाही.
ती खोटं बोलली. पंधरा दिवस सगळे माझ्याशी खोटं बोलत होते तेव्हा मी त्याला दगा म्हणाले. याला काय म्हणू?

२३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.
फिरायला गेले नाही. चपलेचा पट्टा बाबांनी शुक्रवारीच शिवून ठेवला होता. आज दिसला.
चहाच्या वेळी सांगितलं. हात नाही थरथरला, मी किल्ली दिली नाही. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं. धाकटी म्हणाली, कशाला सांगितलंस, चांगलं चाललं होतं.
बाबा कुलूप उघडत होते, ते उघडून झालं, मग म्हणाले, ठाऊक आहे. धाकटीच्या पिशवीतला पहिल्या दहाचा टार्गेटचा कागद त्यांनी टेबलावर सरकवला. म्हणाले, हात थरथरला की भोकं कशीही पसरतात. ही बघ, सगळी उभ्या रेषेत. ताकद कमीजास्त झाली की छर्रा वरखाली जातो, बाजूला नाही.
हे माझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. फेकलेल्या वस्तूची गती. पान डाव्या हाताचं होतं, त्यावर मी पिवळी खूण केली होती. त्यात अठरा गुण पडले होते मला.
बाबांनी एवढंच विचारलं, किल्ली कुठे आहे?
निबंधाची अकरा पानं आईला दिली, फळीवर अंथरायला. तिने पहिलं पान, बाबांच्या उल्लेखाचं, वेगळं काढलं आणि चुलीत सारलं.
सरांना जाऊन सांगून आले की क्लबच्या रायफली बाबा लावतात, पहिल्यापासून तेच लावत होते. वेगमापक परत केलं. या वेळी त्यांनी रुमाल काढला नाही.
भिंतीवरची फ्रेम उतरवली. खिळ्यावर किल्ली अडकवली, दोऱ्यासकट. पदवी मागच्या भिंतीवर लावली, पिंपाच्या वर. पोपड्याची जागा पूर्ण झाकली गेली.